चार बोटांचे अंतर

खरे आणि खोटे यांत चार बोटांचे अंतर, असे आपले वडीलधारे सांगत आले. कान व डोळा यांमधले ते अंतर. ऐकलेले खोटे असू शकेल, पाहिलेले मात्र खरे, असा त्याचा अर्थ. डीपफेक चित्रफितींनी हा भरवसा आता उरू दिलेला नाही.

एखाद्याची पुष्कळ छायाचित्रे व भाषणे संगणकास पुरविली, म्हणजे तो त्या माणसाचा चेहरा व आवाज उचलतो आणि न बोललेले शब्द त्याच्या तोंडी घालतो. पुढाऱ्यांची भाषणे सर्वांस उपलब्ध असतात. म्हणून त्यांचे सोंग वठविणे सोपे.

१६ मार्च २०२२ रोजी, रशियाशी युद्ध चालू असता, युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की सैनिकांस शस्त्रे खाली ठेवण्यास सांगत आहेत, अशी चित्रफीत पसरली. तो डाव फसला. सरकारने दोन आठवडे अगोदरच लोकांस सावध केले होते आणि अध्यक्षांनीही लगोलग खुलासा केला.

स्लोव्हाकियात इतकी सवड नव्हती. ३० सप्टेंबर २०२३ च्या निवडणुकीपूर्वी दोन दिवस मिखाल शिमेच्का या पुढाऱ्याच्या आवाजातील ध्वनिफीत फिरली. तीत निवडणुकीत गैरप्रकार करण्याची बोलणी होती. ती बनावट असल्याचे त्यांनी सांगितले. पण तोवर प्रचारबंदीचे ४८ तास सुरू झाले होते. आपल्याकडेही मतदान संपण्यापूर्वी ४८ तास जाहीर प्रचार बंद असतो, हे ध्यानात ठेवावे.

उलट बाजूही आहे. गॅबनचे आजारी अध्यक्ष अली बोंगो यांचा २०१९ च्या नववर्षाचा चित्रसंदेश विरोधकांनी खोटा ठरविला. त्याच आठवड्यात, ७ जानेवारीस, काही सैनिकांनी बंडाचा प्रयत्न केला. पुढे तो संदेश बनावट असल्याचा पुरावा मिळाला नाही. खोट्याचा सुळसुळाट झाला की खऱ्यावरही विश्वास बसेनासा होतो, आणि खरोखरीच्या अपराध्यासही ‘ही चित्रफीत बनावट’ म्हणून सुटता येते.

यास्तव आम्ही सभासद-कुटुंबांस इतकेच सुचवितो. चित्रफीत आप्तांनी पाठविली म्हणून ती खरी मानू नये. बहुधा त्यांनाही ती दुसऱ्याकडूनच आलेली असते. ती प्रथम कोणी प्रसिद्ध केली, संपूर्ण भाषण कोठे आहे, दोन विश्वसनीय वृत्तपत्रांनी ती बातमी दिली आहे काय, हे पाहावे. उत्तर मिळेपर्यंत ती पुढे धाडू नये. मतदानाच्या आदल्या दिवशी तर दुप्पट सावध राहावे. खुलासा उद्या येईल, पण दिलेले मत परत घेता येत नाही.