मृतांचें नगर आणि जिवंतांचें भय

वाचनासाठीं : इब्री २ : १४, १५, १ थेस्सलनी. ४ : १३-१८.

पश्चिम आफ्रिकेंत, आजच्या नायजेरिया देशाच्या आग्नेय कोपऱ्यांत, क्रॉस नदीच्या मुखाजवळ कालाबार नांवाचें नगर आहे. तेथील एफिक लोकांत १८४६ सालीं स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन मंडळीचें मिशन आलें. होप वॉडेल हे त्याचे पुढारी होते. मरणाविषयीं एफिक लोकांची पूर्वीं काय समजूत होती व तिचें फळ काय झालें, तें आम्ही या पाठांत सांगतों.

हे लोक देवास न मानणारे नव्हते. सर्वांचा उत्पन्नकर्ता अबासी आहे असें ते म्हणत. मनुष्य मेला म्हणजे संपला, असेंही ते मानीत नसत. मृताच्या आत्म्यास ते एक्पो म्हणत, व एक्पोंचें एक निराळें नगर आहे अशी त्यांची श्रद्धा होती. तेथील राहणी येथल्यासारखीच. येथला सरदार तेथेंही सरदार, येथला दास तेथेंही दास. शिवाय पूर्वज आपल्याच घराण्यांत पुन्हा जन्म घेतो, असें ते समजत. या समजुतींस आम्ही हसत नाहीं. आपल्या माणसांशीं असलेलें नातें मरणानें तुटूं नये, ही इच्छा त्यांच्या मुळाशीं आहे, आणि ती कोणाच्या अंतःकरणांत नाहीं?

परंतु या प्रीतीच्या शेजारीं भय बसलें होतें. गांवांत रेंगाळणारे एक्पो जिवंतांस पीडा देतील, या धास्तीनें दर दोन वर्षांनीं न्डोक नांवाचा विधि होत असे. घरांपुढें बाहुलीं उभीं करीत. मग रात्रीं नगारे, बंदुका व आरडाओरड यांच्या गजरांत भुतांस हांकून देऊन तीं बाहुलीं नदींत टाकीत.

याहून भयंकर गोष्ट सरदाराच्या मरणीं घडे. मृतांच्या नगरांत आपला बाप चाकरांवांचून गेला तर त्याची अप्रतिष्ठा होईल, असें वाटून त्याच्या बायका व दास यांस ठार मारीत. १८४७ सालीं राजा एयांबा मरण पावला, तेव्हां अशीं पुष्कळ माणसें मारलीं गेलीं. शिवाय मरण जादूटोण्यानें आलें असा संशय घेऊन, ज्यांच्यावर आळ येई त्यांस एसेरे नांवाचें विषारी बीं खावयास लावीत. जो ओकून वांचला तो निर्दोष. जो मेला तो अपराधी.

मिशनरी व बंदरांतील जहाजांचे व्यापारी यांनीं मिळून या हत्येविरुद्ध आग्रह धरिला. क्रीक टाउनचा राजा दुसरा एयो यानें व इतर सरदारांनीं १८५० सालीं ती बंद करण्याचा कायदा केला. मळ्यांवरील दासांनींही त्याच सुमारास रक्ताची शपथ घेऊन आपल्या जिवांच्या रक्षणासाठीं जूट केली. हें विसरूं नये. तसेंच हेंही विसरूं नये, कीं याच बंदरांतून ख्रिस्ती म्हणविणाऱ्या राष्ट्रांच्या जहाजांनीं पूर्वीं हजारों गुलाम विकत नेले होते. तेव्हां एफिक लोकांकडे बोट दाखवून आपण शुद्ध ठरत नाहीं.

पुढें १८५३ सालीं एसिएन एसिएन उक्पाबियो या एफिक पुरुषाचा बाप्तिस्मा झाला; १८७२ सालीं तो पाळक झाला. १८६८ पर्यंत सबंध पवित्र शास्त्र एफिक भाषेंत आलें. आज त्या लोकांपैकीं बहुतेक ख्रिस्ती आहेत.

आतां बोध काय? मरणानंतर जीवन आहे, एवढें मानणें पुरेसें नाहीं. तें एफिक लोकही मानीत. त्या आशेची पारख कबरेच्या कांठीं होते. मृताच्या मानासाठीं जिवंत दुर्बळांचा बळी मागणारी आशा खरी नव्हे. आमचा प्रभु मृतांच्या राज्यांत दुसऱ्यास पुढें पाठवीत नाहीं. तो स्वतः तेथें गेला आणि उठला. म्हणून आपल्या घरीं मरण आलें असतां आपण रडावें, परंतु भयानें विधवेस अपशकुनी म्हणूं नये, कोणा म्हातारीवर चेटकाचा आळ घेऊं नये.

विचारण्याचे प्रश्न :
१. एफिक लोकांच्या श्रद्धेंत चांगलें काय होतें?
२. तिचें ओझें कोणावर पडलें?
३. आपल्या गांवांत मरणाच्या भयामुळें कोणाचा छळ होतो काय?