स्टुडिओसाठी नॅस घेताना

परभणी

चि. अमोल यास,


लगीनसराईत शूटिंग वाढलं, हार्ड डिस्कांनी कपाट भरलं, म्हणून नॅस, म्हणजे नेटवर्कला जोडायची डिस्कांची पेटी, घ्यायचा म्हणतोस. घे. पण दुकानदार सांगतो तो चार डिस्कांचा सेलूतल्या तुझ्या दोन खोल्यांच्या स्टुडिओला कशाला? दोन डिस्कांचा पुरे. वाचलेला पैसा यूपीएसला घाल.

तू म्हणशील, इन्व्हर्टर आहे की. इन्व्हर्टर बॅटरी संपेपर्यंत चालतो आणि न सांगता बंद पडतो. यूएसबीची तार जोडता येणारा यूपीएस घेतलास, तर लाईट गेल्याचं नॅसला कळतं आणि बॅटरी संपण्याआधी तो स्वतःच नीट बंद होतो. आपल्याकडचं विजेचं येणं-जाणं तुला मी काय सांगावं!

दुसरा प्रश्न उन्हाचा. अशा यंत्रांच्या माहितीपत्रकात बहुधा भोवतालच्या हवेची मर्यादा ४० अंश दिलेली असते. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४४ होतं, मग पत्र्याखालच्या वरच्या खोलीचं विचारूच नको. खाली, एडिटिंगच्या खोलीतच ठेव. कपाटात कोंडू नकोस.

सिनॉलॉजी की क्यूनॅप यात डोकं शिणवू नकोस, दोन्ही कंपन्या तैवानच्या आणि दोन्ही चांगल्या. डिस्क मात्र पारखून घे. एसएमआर प्रकारात डिस्कवरचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढलेले असतात. एक डिस्क बदलून नवी भरायची वेळ आली की ती फार रेंगाळते. नॅससाठी म्हणून विकलेल्या आपल्या काही डिस्क एसएमआर असल्याचं वेस्टर्न डिजिटलला २०२० साली मान्य करावं लागलं. तेव्हा मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या माहितीपत्रकात 'सीएमआर', म्हणजे पट्टे एकमेकांवर न चढवलेला प्रकार, लिहिलंय का, ते बघ.

४-४ टेराबाइटच्या दोन डिस्क 'रेड वन'मध्ये, म्हणजे दोन्हींवर तीच प्रत राहील अशा, लावल्यास की जागा चारचीच मिळते, आणि कॉम्प्युटर ती ३.६ दाखवतो; त्यावरून दुकानदाराशी भांडू नकोस. एक डिस्क गेली तरी काम चालू राहतं, एवढाच त्याचा उपयोग. त्याला बॅकअप समजलास तर फसशील. नवरदेवाकडचं फोल्डर चुकून उडवलंस, तर ते दोन्हीकडून उडेल. चोराने नॅस उचलला तर दोन्ही डिस्क गेल्या. म्हणून आणखी एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढ आणि ती घरी ठेव, स्टुडिओत नाही.

राउटरचे पोर्टही तपास. १०० एमबीपीएसचा असेल तर ६४ जीबीचं कार्ड उतरवायला दीड तास जाईल. गिगाबिटचा असला आणि कार्ड रीडर चांगला असला, तर दहा-पंधरा मिनिटं. तार ओढ, वायफायवर विसंबू नकोस.

आणि घरबसल्या फोटो दिसावेत म्हणून राउटरमधून नॅस थेट इंटरनेटवर उघडा टाकू नकोस. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर व्हायरसने असेच उघडे क्यूनॅप गाठून फायली कुलूपबंद केल्या आणि ०.०३ बिटकॉइन मागितले.

कोटेशन आलं की मला व्हॉट्सॲपवर टाक. त्यात यूपीएस आणि बाहेरची डिस्क नसेल, तर ॲडव्हान्स देऊ नकोस.

तुझा,
मामा