जुन्या गाडीची फाटलेली जाळी : सांधायची नाही, बदलायची



या अंकातला धडा आहे जुन्या मोटारसायकलच्या ऑइल फिल्टरचा. "हे तर गॅरेजवाल्याचं काम, आम्हाला काय करायचंय?" असं काही जणी म्हणतील. पण गटातून अंतर्गत कर्ज काढून जुनी गाडी घेतलेल्या ताया आपल्यात आहेत. दुधाचे कॅन, भाजीची पोती, जनावरांची पेंड, सगळं तिच्यावरच जातं. इंजिन जाम झालं तर धंदा थांबतो, हप्ता थांबत नाही. म्हणून गाडी घरातलं कोणीही चालवो, तिच्या तेलाचा हिशेब तुम्हाला कळला पाहिजे.

फिल्टर असतो कुठे?

जुनी १०० सीसीची हिरो होंडा घेऊ. सीडी १०० ही १९८५ मध्ये आली, स्प्लेंडर १९९४ मध्ये. आजही खेड्यापाड्यात या गाड्या चालतात. यांच्यात कारसारखा कागदी फिल्टर नसतो. तेल दोन जागी गाळलं जातं, आणि दोन्ही जागा इंजिनच्या उजव्या बाजूच्या मोठ्या कव्हरच्या आत आहेत.

पहिली जागा म्हणजे तळाच्या खाचेत बसवलेली तारेची जाळी. पंप तेल ओढतो ते या जाळीतून. अगदी चहाच्या गाळणीसारखंच काम.

दुसरी जागा म्हणजे इंजिनबरोबर फिरणारी गोल डबी. गोफण फिरवली की दगड बाहेरच्या बाजूला ओढ घेतो. तसेच तेलातले जड कण डबीच्या कडेला फेकले जातात आणि काळा चिखल होऊन चिकटतात.

जुन्या बुलेटचा फिल्टर वेगळ्या प्रकारचा असतो. तिला हा धडा जसाच्या तसा लावू नका.

जाळी खराब का होते?

तेल वेळेवर बदललं नाही की गाळ साचतो आणि जाळी तुंबते. काही ठिकाणी नवीन पॅकिंग घालायचं सोडून भरमसाट बॉन्ड थापतात. तो वाळून त्याचे तुकडे पडतात आणि जाळीवर येऊन बसतात. मग कोणी स्क्रू-ड्रायव्हरने किंवा तारेच्या ब्रशने खरवडतं आणि जाळी फाटते.

फाटलेल्या जाळीला डाग देऊ नका, एम-सील लावू नका. गरम तेलात तो तुकडा सुटला तर थेट पंपाकडे जाईल. आणि "काढून टाका, जाळीशिवाय पण चालते" हा सल्ला तर ऐकूच नका. एका गटातल्या ताईंच्या घरी असाच सल्ला मिळाला होता. त्यांनी विचारलं, "दादा, मग कंपनीने ती बसवली कशाला?" नवीन जाळी आणायला लावली, मगच कव्हर बंद करू दिलं. जाळी तेलाच्या एका डब्यापेक्षा स्वस्त पडते. इंजिनचं काम निघालं तर वर्षाची बचत जाते.

काम होताना काय बघायचं?

१. इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा. तेल कोमट असताना खालचा बोल्ट सोडून ते स्वच्छ घमेल्यात काढा.

२. किक, क्लचची तार आणि आडवे येणारे भाग सोडवून कव्हर काढतात. भाग ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने कापडावर मांडून ठेवा.

३. जाळी ओढून काढा. रॉकेलमध्ये बुडवून जुन्या टूथब्रशने हलक्या हाताने धुवा. चुलीपासून लांब बसा. वाळल्यावर उजेडासमोर धरा. भोक, सुटलेली तार, वाकलेली चौकट दिसली की नवीन आणा.

४. गोल डबीचं झाकण उघडून आतला चिखल कापडाने पुसून घ्या. मधल्या भोकात घाण जाऊ देऊ नका, तिथूनच तेल पुढे जातं.

५. जाळी जशी निघाली त्याच बाजूने बसवा. पॅकिंग नवीनच घाला. बोल्ट एकेक पूर्ण न आवळता सगळे थोडेथोडे आवळत आणा.

६. गाडीच्या पुस्तिकेतल्या ग्रेडचं मोटारसायकलचंच तेल भरा. या गाडीत क्लचही त्याच तेलात असतो, कारचं तेल घातलं तर तो घसरू शकतो.

७. गाडी मेन स्टँडवर, सपाट जागी लावा. थोडा वेळ चालवून बंद करा आणि दोन-तीन मिनिटं थांबा. मग मापपट्टी पुसून, आटे न फिरवता नुसती टेकवून बघा. तेल दोन खुणांच्या मध्ये हवं.

काढलेलं तेल काय सांगतं?

ते टाकण्याआधी दोन बोटांत चोळून बघा. चमकणारे कण लागले तर आत काहीतरी झिजतंय. पांढरट, दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. अशा वेळी नुसती जाळी बदलून भागत नाही, इंजिन दाखवून घ्या. जुनं तेल ओढ्यात किंवा उकिरड्यावर ओतू नका, गॅरेजच्या पिंपात द्या. हात साबणाने धुवा.

गटासाठी काम

जुन्या गाडीसाठी कर्जाची मागणी आली की मंजुरीआधी दोन गोष्टी विचारा : तेल काढून बघितलं का? जाळी बघितली का? ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी तेल बदलल्याची तारीख आणि किलोमीटर वहीच्या शेवटच्या पानावर लिहावं. पुढच्या बैठकीत बचत जमा झाली की पाच मिनिटं काढा आणि ही पानं एकमेकींना दाखवा. ज्या ताईचं पान कोरं असेल, तिच्या गाडीची मापपट्टी त्याच दिवशी सगळ्यांनी मिळून बघा.

तुमची,
क्षेत्र समन्वयक