नाट्यपद ऐकावे कसे?

विद्यार्थिमित्रहो, नाट्यसंगीताचे नाव काढताच तुमच्यापैकी पुष्कळांच्या मुद्रेवर एक आदरयुक्त कंटाळा उमटतो. ही वडीलधाऱ्यांची ठेव, तीही पुण्या-मुंबईकडची. हिंदी चित्रपटगीतांनी गजबजलेल्या आपल्या रामाकोन्याशी तिचा काय संबंध, असा तुमचा समज दिसतो. तो कितपत खरा आहे?

आपल्या स्थानकावरून नागपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर सौसरपुढे सावनेर लागते. नाटककार राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी याच सावनेरात निवर्तले, आणि त्यांचे ‘एकच प्याला’ गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले ते त्यांच्या पश्चात. १९५६ पर्यंत तर आपला प्रदेश आणि नागपूर एकाच प्रांतात होते. तेव्हा आज ज्या नाटकाची शिफारस करावयाची, त्याचे जन्मदाते आपले शेजारीच होत.

ते नाटक म्हणजे १९६७ साली रंगभूमीवर आलेले ‘कट्यार काळजात घुसली’. लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे. खाँसाहेबांची भूमिका गाजविणारे वसंतराव देशपांडे १९२० मध्ये मूर्तिजापुरास जन्मले आणि नागपुरात वाढले. संगीत मात्र गोमंतकातील मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकींचे. (कोकणी ही माझी मायबोली, त्या नावावर माझा किंचित अधिक लोभ आहे, हे वाचकांनी समजून घ्यावे.)

कथा थोडक्यात अशी: राजगायकाला दरबारातून एक कट्यार मिळते आणि तिने केलेला एक खून माफ असतो. पंडितजींच्या जागी खाँसाहेब राजगायक होतात. पंडितजींकडे शिकावयास आलेला सदाशिव गुरूच्या शोधात त्याच हवेलीत येतो आणि खाँसाहेबांचीच गायकी चोरून शिकू लागतो. विद्या ही घराण्याची मालमत्ता, की जो तिच्यासाठी तळमळतो त्याची? साऱ्या नाटकाचा जीव या प्रश्नात आहे, आणि तो शाळेत बसणाऱ्या मुलाला परका वाटू नये.

आता गाण्याकडे वळू. या नाटकात एकच पद पंडितजींच्या आणि खाँसाहेबांच्या अशा दोन ढंगांत येते. शब्द तेच, परंतु पंडितजींच्या गळ्यात ते संथपणे, एकेक स्वर न्याहाळीत उलगडते, तर खाँसाहेबांच्या गळ्यात ते उसळते, झेपावते. दोन माणसांचे स्वभाव, त्यांच्यातील स्पर्धा, एकाची शांती व दुसऱ्याचा अभिमान हे सर्व संवादांवाचून कानी पडते. रागाचे नाव ठाऊक नसले तरी काही अडत नाही. दोन्ही ध्वनिमुद्रणे लागोपाठ लावावीत आणि फरक स्वतः टिपावा.

जुन्या नाटकांत हे नेहमीच साधत असे असे नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८० च्या ‘शाकुंतला’त सुमारे दोनशे पदे होती. पुढे ‘वन्समोअर’च्या गजरात प्रयोग रात्रभर चालत आणि कथा बिचारी एका कोपऱ्यात उभी राही. गायकांची ती मैफल अपूर्व असेल, पण नाटकाचे मात्र हाल होत. ‘मत्स्यगंधा’ (१९६४) पासून अभिषेकींनी पदे आटोपशीर केली आणि त्यांना प्रसंगाशी बांधले. माझ्या मते मराठी संगीत नाटकाला पुन्हा उभारी आली ती याच संयमामुळे.

२०१५ मध्ये सुबोध भावे यांनी याच नाटकावर चित्रपट काढला. पंडितजींच्या भूमिकेत शंकर महादेवन, खाँसाहेबांच्या भूमिकेत सचिन पिळगांवकर. आणि खाँसाहेबांना आवाज वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांचा. चित्रपट अवश्य पाहावा, नवख्याने तर प्रथम तोच पाहावा. मात्र त्यातील महाल, दीपमाळा आणि कव्वालीचा थाट यांत डोळ्यांना इतके खाद्य मिळते की कान आळसावतात. म्हणून नंतर वसंतरावांचे मूळ ध्वनिमुद्रण डोळे मिटून ऐकावे.

मित्राला शिफारस करताना “फार छान आहे, ऐक” एवढ्यावर थांबू नये. त्याने काहीच हाती लागत नाही. कोणते पद, कोणत्या प्रसंगी, कोणाच्या तोंडी, आणि कोणत्या जागी कान द्यावयाचा ते सांगावे. मग त्याला काय ऐकू आले ते विचारावे. तुमच्या ध्यानात न आलेले काही त्याने सांगितलेच, तर दोघांनी मिळून ते पद पुन्हा लावावे.