हर्निया दाखवायला जाताना लघवीचंही सांगा

ह्यांच्या उजव्या जांघेत हर्निया आहे, हे पहिल्याच तपासणीत कळलं. त्यात उतरलंय काय, ते मात्र उशिरा कळलं. आतडं किंवा चरबी असेल, असं सगळे धरून चालले होते. निघाला लघवीच्या पिशवीचा भाग.

खुणा घरातच दिसत होत्या. लघवी तुंबली की फुगवटा वाढायचा, जाऊन आले की उतरायचा. लघवी झाल्यावर हे जांघेत हाताने दाबत, की पुन्हा धार लागे. वय सत्तरीपुढचं, त्यामुळे सगळं खापर वाढलेल्या प्रोस्टेटवर फुटलं.

पहिल्या सोनोग्राफीआधी हे लघवीला जाऊन आले होते आणि तपासणी झाली आडवं झोपवून. रिकामी पिशवी आक्रसते, झोपल्यावर खाली उतरलेला भाग वर सरकू शकतो. मग दिसणार काय?

ऑपरेशनची तारीख देण्याआधी सर्जनबाईंनी विचारलं, “काका, लघवी एका दमात होते का?” हे संकोचले, मी सांगितलं. त्यांनी सोनोग्राफी पुन्हा करवली: पिशवी भरलेली, ह्यांना उभं करून, खोकायला लावून, मग लघवी करून आल्यावर परत. जांघेत पाण्याचा काळा कप्पा दिसला, वरच्या पिशवीला अरुंद वाटेने जोडलेला. लघवीनंतर तो आकसला. सीटी स्कॅनमध्ये पिशवी डमरूसारखी दिसली. शिरेतून दिलेलं औषध मूत्रपिंडांतून पिशवीत उतरायला वेळ लागतो, म्हणून काही चित्रं मुद्दाम उशिरा घेतली. हे औषध देण्याआधी क्रिएटिनिन तपासतात. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधीच सांगा.

जांघेच्या शंभर हर्नियांत साधारण एक ते चारांत पिशवी उतरलेली असते, आणि पुष्कळदा ती ऑपरेशनच्या टेबलावरच सापडते. माहीत नसेल तर तिला चुकून काप जाऊ शकतो, म्हणून मी इतक्या कळकळीने लिहितेय. पन्नाशीपुढच्या पुरुषाला हर्निया आणि लघवीचा त्रास दोन्ही असतील, तर दोन्ही एकाच डॉक्टरांना, एकाच वेळी सांगा. सोनोग्राफीच्या चिठ्ठीवर ‘लघवीआधी व नंतर, उभं राहूनही’ असं लिहून द्यायची विनंती करा. लाज वाटत असेल तर घरच्यांनी बोलावं.

ह्यांची पिशवी न कापता आत सरकवली, जाळी बसवली. प्रोस्टेटच्या गोळ्या चालू आहेत. लघवीला जोर करावा लागत राहिला तर जांघेवर पुन्हा ताण येतो.