नीतिवचन, दृष्टांत आणि काळी माती : बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात ख्रिस्ती बोधपर गद्याचा विचार

(१)

मराठी ख्रिस्ती साहित्याचा परामर्श घेताना अभ्यासकांची दृष्टी बहुधा काही ठळक शिखरांवरच स्थिरावते. फादर थॉमस स्टीफन्स यांचे १६१६ मध्ये मुद्रित झालेले 'क्रिस्तपुराण', बाबा पदमनजी यांची 'यमुनापर्यटन' (१८५७) ही कादंबरी, रेव्हरंड ना. वा. टिळकांची कविता, पंडिता रमाबाईंचे बायबलचे भाषांतर आणि लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' यांना वाङ्मयेतिहासात आपापले स्थान मिळाले आहे. या शिखरांच्या पायथ्याशी मात्र एक विस्तृत पठार आहे. नियतकालिकातील पाऊण पानाचे मनन, रविवारच्या उपासनेतील बोध, घरातील सायंप्रार्थनेपूर्वी वाचला जाणारा एखादा परिच्छेद, असे हे गद्य होय. राग, जीभ, पैसा, आळस, शेजार, संसार आणि संगोपन हे त्याचे नेहमीचे विषय. १८४२ मध्ये अहमदनगर येथे सुरू झालेल्या 'ज्ञानोदया'पासून या गद्याला मराठीत अखंड परंपरा आहे. तथापि 'प्रचारपर' या एका विशेषणाखाली ते वाङ्मयविचारातून वगळले गेले.

हे वगळणे कितपत न्याय्य आहे, याचा विचार करण्यासाठी या गद्याचा घाट आणि त्याचा श्रोता ही दोन्ही अंगे पाहावी लागतात. प्रस्तुत निबंधात बुलढाणा जिल्हा हा श्रोत्याचा प्रदेश म्हणून डोळ्यांपुढे ठेवला आहे. दूरदेशीचे नीतिवचन वऱ्हाडच्या मातीत ऐकले जाते तेव्हा त्याचा अर्थ कोठे समृद्ध होतो आणि कोठे अडखळतो, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

(२)

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स' या अमेरिकन संस्थेने वऱ्हाडात कार्य आरंभिले. अकोला हे तिचे प्रमुख केंद्र होते. खामगाव, मलकापूर, बुलढाणा या ठिकाणीही तिचे काम चाले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन भीषण दुष्काळांत अनाथ झालेल्या मुलामुलींना मिशनच्या आश्रमांतून आसरा मिळाला. येथील ख्रिस्ती समाजाच्या जडणघडणीत दुष्काळाची स्मृती अशी अगदी पायाशी आहे, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची ठरते.

हा समाज ज्या भूमीत रुजला ती नीतिबोधाच्या बाबतीत कोरी नव्हती. लोणारचा उल्लेख 'लीळाचरित्रा'त येतो. देऊळगाव राजा तालुक्यातील मेहुणा राजा हे संत चोखामेळ्याचे जन्मस्थान मानले जाते. शेगावी गजानन महाराजांचा वास १९१० पर्यंत होता. १९५६ नंतर बौद्ध धम्मातील 'शील' ही संकल्पना गावोगावी पोहोचली. म्हणजेच 'चांगले कसे वागावे' हा प्रश्न येथे महानुभाव, वारकरी, बौद्ध आणि ख्रिस्ती अशा अनेक परिभाषांतून विचारला गेला आहे. ख्रिस्ती मननाची मराठी या परिभाषांच्या शेजारीच घडली.

(३)

घाटाच्या दृष्टीने पाहता या शेजाराचा प्रत्यय सर्वाधिक येतो. केसोबासांच्या 'दृष्टांतपाठा'त सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टान्तिक अशी त्रिविध रचना आहे. प्रथम चक्रधरांचे वचन, नंतर लौकिक व्यवहारातील कथा आणि अखेरीस त्या कथेचा परमार्थाकडे वळवलेला अर्थ. ख्रिस्ती मननाची बांधणीही स्थूलमानाने अशीच असते. आरंभी बायबलमधील वचन किंवा 'सुवचन', मध्ये घरातील अथवा शेतातील उदाहरण आणि शेवटी बोध. एकाचा दुसऱ्यावर प्रभाव पडला, असा दावा करण्याचे कारण नाही. वचनप्रामाण्य मानणाऱ्या आणि सामान्य श्रोत्याशी बोलू पाहणाऱ्या कोणत्याही परंपरेला अशी रचना स्वाभाविकपणे सुचणारी आहे.

साम्याइतकाच भेदही लक्षणीय आहे. दृष्टांतपाठातील प्रकरण दार्ष्टान्तिकापाशी पूर्ण होते. ख्रिस्ती मननात त्यानंतर एक चौथे अंग येते, ते म्हणजे प्रार्थना. या अंगामुळे निवेदनाची दिशाच पालटते. तोपर्यंत वाचकाला उद्देशून बोलणारा लेखक प्रार्थनेत वाचकाच्या शेजारी येऊन उभा राहतो. 'तुम्ही'चे 'आम्ही' होते. उपदेशकाच्या उंच आसनावरून खाली उतरण्याची ही वाङ्मयीन युक्ती म्हणावी, तर ती केवळ युक्ती नाही. उपदेश करणाराही त्याच उणिवेचा धनी आहे, या श्रद्धेतून ती आली आहे. जे मनन या चौथ्या अंगात केवळ आधीच्या उपदेशाची पुनरुक्ती करते, ते नीरस वाटते, याचे कारण येथे सापडते.

अहमदनगरच्या परिसरात कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा रुजवली, तीही याच संदर्भात पाहता येते. पूर्वरंगात तत्त्व आणि उत्तररंगात आख्यान हा कीर्तनाचा क्रम श्रोत्याच्या अंगवळणी पडलेला होता. नवा आशय जुन्या घाटातून आल्यामुळे तो परका वाटला नाही. रेव्हरंड टिळकांनी ख्रिस्ताकडे जाताना तुकारामाचे ऋण मानले, त्यामागेही हीच जाणीव आहे.

(४)

घाट परिचित असला तरी दृष्टांतातील वस्तू परिचित असतेच असे नाही. या बाबतीत तीन उदाहरणे उद्बोधक आहेत.

पहिले पेरणाऱ्याच्या दाखल्याचे. शुभवर्तमानातील पेरणारा हाताने बी फोकतो. म्हणून काही वाटेवर, काही खडकाळीत, काही काटेरी झुडपांत पडते. वऱ्हाडातील पेरणी तिफणीने होते. चाड्यावर धरलेल्या मुठीतून बी मोजके सुटते आणि नळीतून थेट तासात जाते. अशा शेतकऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो हा की, शहाणा माणूस वाटेवर बी सांडतो कशाला? हा प्रश्न टाळून पुढे जाणारा बोध मूळ कथेतील मर्म गमावतो. त्या पेरणाऱ्याचे औदार्य हिशेबी नाही, जमीन पारखून तो मूठ आवळत नाही, हा अर्थ वऱ्हाडी श्रोत्याच्या शंकेमुळेच ठळक होतो. परकेपणा येथे अडसर न राहता अर्थाची किल्ली बनतो.

दुसरे उदाहरण दोन घरांच्या दाखल्याचे. मत्तयाच्या शुभवर्तमानात एक घर खडकावर आणि दुसरे वाळूवर बांधले जाते. लूकच्या शुभवर्तमानात हीच कथा थोडी निराळी आहे. तेथे शहाणा माणूस खोल खणत जाऊन खडकाला पाया लावतो आणि दुसरा पायाविनाच मातीवर घर उभारतो. बुलढाणा जिल्ह्याचा उत्तर भाग, म्हणजे मलकापूर, नांदुरा, जळगाव जामोदकडील पायनघाट, पूर्णेच्या खोऱ्यातील खोल काळ्या मातीचा आहे. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरवरच्या पायावरील भिंत तडकवते. पक्क्या थरापर्यंत खणल्याशिवाय घर टिकत नाही, हे ज्ञान तेथील गवंड्याला पिढीजात आहे. वाळूपेक्षा लूकचे 'खोल खणणे' या प्रदेशाला अधिक जवळचे ठरते. शिवाय त्यातून चारित्र्यविषयक एक नेमका विचारही निघतो. जी माती कापसाला सर्वांत कसदार, तीच घराला सर्वांत दगाबाज. एका कामी उपयोगी पडणारा स्वभावगुण दुसऱ्या कामी पायाचे काम देईलच असे नाही.

तिसरे उदाहरण तराजूचे. खोट्या तराजूचा निषेध 'नीतिसूत्रे' या ग्रंथात पुनःपुन्हा येतो. खामगावसारख्या कापसाच्या आणि चांदीच्या बाजारपेठेत हा निषेध रूपक म्हणून ऐकलाच जात नाही. गाडीभर कापूस घेऊन आलेल्या शेतकऱ्याला काट्याची अचूकता हा वर्षाच्या कमाईचा प्रश्न असतो. ज्या मननात तराजूचे तत्काळ 'अंतःकरणाचा तराजू' असे रूपांतर होते, ते सुबक वाटले तरी मूळ वचनाची धार बोथट करते. हिब्रू नीतिकाराला प्रथम बाजारातलाच तराजू अभिप्रेत आहे, अंतःकरण नंतर.

(५)

या गद्यातील 'चारित्र्य' ही कल्पना नेमकी कोणती, हेही पाहणे अगत्याचे आहे. पंडिता रमाबाईंचे 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक १८८२ मधील, म्हणजे त्यांच्या धर्मांतराच्या आदल्या वर्षीचे. त्यात सद्वर्तन हे शिक्षण, विवेक आणि स्वप्रयत्न यांतून कमवावयाचे आहे. ख्रिस्ती मननात प्रयत्नाचा पुरस्कार कायम राहतो, पण त्याच्या जोडीला कृपेची कल्पना येते. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात प्रीती, आनंद, शांती आदी नऊ गुणांची गणना आहे. तथापि त्या सर्वांना मिळून पौलाने 'फळ' हा एकवचनी शब्द योजला आहे. गुण सुटेसुटे कमवावयाचे नसून एकाच झाडाला एकत्र यावयाचे आहेत, असा त्याचा आशय. शेतकरी श्रोत्याला ही प्रतिमा सहज कळते. मशागत त्याच्या हाती असते. फळधारणा सर्वस्वी त्याच्या हाती नसते.

रेव्हरंड टिळकांचा अनुभवही येथे विचारात घेण्याजोगा आहे. नागपूरकडून राजनांदगावला जाताना आगगाडीत भेटलेल्या एका युरोपियन गृहस्थाने त्यांना बायबल दिले आणि त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन वेधून घेतले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला. मतप्रतिपादनाआधी नीतिवचनाने त्यांना धरले, हे ध्यानात घेतले म्हणजे बोधपर गद्याकडे दुय्यम म्हणून पाहणे अवघड होते.

(६)

आता या परंपरेच्या सर्वांत कठीण प्रश्नाकडे वळले पाहिजे. 'नीतिसूत्रे' या ग्रंथाचे अध्याय एकतीस आहेत आणि महिन्याच्या प्रत्येक तारखेस एक अध्याय वाचण्याचा परिपाठ अनेक ख्रिस्ती घरांत आढळतो. या वाचनातून मनावर ठसणारे समीकरण सरळ आहे. उद्योगी सुखी होतो, आळशी दरिद्री होतो; आळश्याने मुंगीकडे जाऊन धडा घ्यावा. सुकाळात हे समीकरण निर्वेधपणे सांगता येते. परंतु बुलढाणा हा २००६ मध्ये शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर पंतप्रधानांचे विशेष पॅकेज जाहीर झालेल्या विदर्भातील सहा जिल्ह्यांपैकी एक आहे. पाऊस हुकल्याने, भाव पडल्याने आणि कर्ज थकल्याने खचलेल्या माणसापुढे मुंगीचा दाखला ठेवणे म्हणजे त्याच्या दैन्याला आळसाचे नाव देणे होय. तेथे नीतिबोध क्रूर होतो.

ही आपत्ती बाहेरून आलेली टीका नाही, हे विशेष. तिचे उत्तर बायबलमधील ज्ञानसाहित्यानेच देऊन ठेवले आहे. ईयोबाचे मित्र त्याला जे सांगतात ते 'नीतिसूत्रां'च्या समीकरणाहून फारसे वेगळे नाही. तरीही ग्रंथाच्या अखेरीस देव त्या मित्रांवरच रुष्ट होतो. 'उपदेशक' या ग्रंथात तर वेगवानाला शर्यत आणि शहाण्याला भाकर मिळतेच असे नाही, अशा अर्थाचे कटू निरीक्षण आहे. खुद्द 'नीतिसूत्रे' हा ग्रंथही एकसुरी नाही. त्याच्या तिसाव्या अध्यायातील आगूर दारिद्र्य आणि श्रीमंती या दोहोंपासून दूर ठेवण्याची विनवणी करतो. दारिद्र्य चोरी करावयास लावील, हे तो निःसंकोच मान्य करतो. याच ग्रंथाच्या एका भागाचे इजिप्तमधील आमेनेमोपेच्या बोधग्रंथाशी निकटचे साम्य असल्याचे विद्वानांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दाखवून दिले. तात्पर्य, हे ज्ञान एका सूत्रात गोठलेले नसून अनुभवाशी, परस्परांशी आणि शेजाऱ्यांशी वाद-संवाद करीत वाढलेले आहे.

यावरून बोधपर गद्याच्या मूल्यमापनाचा एक निकष हाती येतो. जे मनन एकाच वचनाला धरून बसते आणि त्याच ग्रंथसंग्रहातील प्रतिवचनाला स्थान देत नाही, ते हितोपदेशाच्या पातळीवर राहते. जे वचन आणि प्रतिवचन यांच्यातील ताण सहन करते, ते साहित्याच्या प्रदेशात प्रवेश करते. 'स्मृतिचित्रे' या दृष्टीने आदर्श आहे. लक्ष्मीबाई क्षमा, संताप, दातृत्व यांविषयी क्वचितच उपदेश करतात. पण टिळकांचा कोप आणि त्यांचे औदार्य एकाच माणसात कसे नांदत होते, हे त्या हसत हसत दाखवतात. तेथे चारित्र्य सूत्रात न सांगता प्रसंगात उलगडते.

(७)

सारांश, ख्रिस्ती बोधपर गद्याला सरसकट प्रचार म्हणणे जितके अपुरे, तितकेच त्याला सरसकट साहित्य म्हणणेही. त्याचा घाट मराठीतील दृष्टांतपरंपरेशी नाते सांगतो, प्रार्थनेच्या अंगामुळे त्यात स्वतःची अशी विनम्रता येते आणि श्रोत्याच्या मातीतून त्याला नवे अर्थ फुटतात. ज्या समाजाची एक मुळी दुष्काळातील आश्रमांत आहे, त्याला शहाणपण आणि सुबत्ता यांची जोडी नेहमीच जुळत नाही, हे निराळे शिकवावे लागत नाही. त्या अनुभवाला सामावून घेणारे मनन कोणते आणि त्याकडे पाठ फिरवणारे कोणते, हा भेद करणे हे समीक्षेचे काम आहे. नियतकालिकांचे जुने अंक, उपासनेची टिपणे आणि घरोघरच्या वह्या जीर्ण होण्यापूर्वी हे काम हाती घेतले गेले, तर मराठी गद्याच्या इतिहासातील एक दुर्लक्षित दालन उघडेल.