‘किती वर्षांपासून’ इंग्रजीत कसं विचारायचं?

प्रश्न : ‘तुम्ही इथे किती वर्षांपासून काम करताय?’ हे मी इंग्रजीत ‘सिन्स हाउ मेनी इयर्स यू आर वर्किंग हिअर?’ असं विचारते. सर चूक म्हणतात. नेमकं काय चुकतं?

उत्तर : ही चूक आपल्या मराठीतूनच येते. आपण ‘काम करताय’ म्हणतो आणि ‘पासून’ जोडतो, तेवढ्यावर भागतं. इंग्रजीत मात्र काम आधी सुरू होऊन आजही चालू असेल, तर क्रियापदालाच ते सांगावं लागतं. बरोबर प्रश्न असा : ‘हाउ लाँग हॅव यू बीन वर्किंग हिअर?’

साध्या वाक्यातलं ‘यू हॅव’ इथे ‘हॅव यू’ होतं. जागा फक्त ‘हॅव’ बदलतं; ‘बीन’ कर्त्याच्या मागेच राहतं. ‘हॅव बीन यू वर्किंग’ कधीही म्हणू नका. ‘ही’, ‘शी’, ‘इट’ आले की ‘हॅज’ : ‘हॅज इट बीन रेनिंग?’ उत्तर ‘येस, इट हॅज’ एवढंच. ‘हू’ स्वतःच कर्ता असेल, तर उलटापालट नाही : ‘हू हॅज बीन यूझिंग माय फोन?’

‘पासून’ या एका शब्दासाठी इंग्रजीत दोन आहेत, हेही ध्यानात ठेवा. 2019पासून म्हणजे ‘सिन्स 2019’, पाच वर्षांपासून म्हणजे ‘फॉर फाइव्ह इयर्स’.

आणि ‘नो’ (ओळखणं) यासारख्या क्रियापदांना ‘हॅव बीन वर्किंग’सारखं ‘-इंग’चं रूप चालत नाही. ओळख कधीपासूनची, हे विचारताना ‘हाउ लाँग हॅव यू नोन हिम?’ म्हणा.